गायपेर

आमचे साहेब मले पाण्यात पाहत. म्हणूनच त्यांनी मले पाण्याच्या कामावर पाठवलं असेल, दुसरं कारण मले तरी दिसत नाही. यवतमाळच्या आमच्या हापिसात मी अनुरेखक. म्हणजे दुसऱ्यानं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा अन् त्याच रेघा पुन्हा ओढायच्या. सावलीतलं काम. पण त्या वर्षी चैताच्या उन्हात साहेबांनी बोलावलं अन् म्हणाले, "शीलाबाई, पुण्याहून सलील नावाचा एक इंजिनिअर आला आहे. उपग्रहाच्या फोटोवरून जिल्ह्यातल्या पाणथळ जागांचा नकाशा करून राह्यला. त्याच्यासोबत फिरा अन् गावांची, नाल्यांची नावं बरोबर लिहून द्या."

"पाणथळ म्हणजे?"

"जिथं पाणी असते ते."

"चैतात? यवतमाळात?"

"जा म्हटलं ना!"

गेली बाप्पा. डोक्यावर पदर घेतला अन् जीपमध्ये जाऊन बसली.

जीप गुलाम नबींची. लोहाऱ्याकडे त्यांचं गॅरेज, बाभुळगावच्या बाजूले थोडी शेती, अन् हापिसले जीप भाड्यानं. माणूस शांत, पण कापसाचं नाव काढलं की पेटायचा. ते दिवसच तसे होते. कापसाले भाव नाही, खरेदी आज सुरू तर उद्या बंद, अन् खरेदीच्या यार्डासमोर बंड्यांची रांग दिसेल तिथपर्यंत. माणसं बंडीखालीच झोपत, बैलं तिथंच उभी. "इकडे एक यार्ड झालं ना बाई, तर आधं मरण टळते आमचं," असं ते दर फेरीले म्हणत.

सलील पोरगा गुणी होता. टोपी, गळ्यात पाण्याची बाटली, हातात जागा सांगणारं ते यंत्र. मांडीवर उपग्रहाचे फोटो पसरून बसायचा. मी डोकावून पाह्यलं तर सारा जिल्हा लालभडक, मधात मधात काळे ठिपके.

"मॅडम, या चित्रातले रंग खरे नाहीत," तो म्हणाला. "हिरवी झाडं लाल दिसतात आणि पाणी काळं दिसतं."

"काहून?"

"डोळ्यांना न दिसणारा एक किरण असतो. हिरवं पान तो जोरात परत फेकतं. तो आम्ही लाल रंगात दाखवतो."

"अरे बावा, मंग हिरव्यातच दाखव ना! हिरव्याले हिरवं म्हणायले तुमाले कोणी मना केलं?"

तो हसला. मले तवाच समजायले पायजे होतं की हे प्रकरण डोक्याले ताप देणार.

पहिला काळा ठिपका आला तिथं आम्ही उतरलो. यंत्राकडे पाहत पाहत सलील एका वावरात शिरला, मधोमध थांबला अन् गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "मॅडम, आपण आत्ता तळ्याच्या मध्यभागी उभे आहोत."

मी पायाकडे पाह्यलं. चपलेत राख शिरली होती. शेतकऱ्यानं कापसाच्या पऱ्हाट्या उपटून वावरातच जाळल्या होत्या. आधीच काळी जमीन, त्यावर ह्या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत राख. पाण्याचा टिपूस नाही.

"पोहता येते का रे तुले?" मी विचारलं.

गुलामभाई जीपले टेकून पोट धरून हसले. सलील बिचारा लाल झाला, म्हणजे त्याच्या हिशेबानं हिरवा. म्हणाला, "जळालेली जागाही काळीच दिसते. म्हणून तर प्रत्यक्ष पाहावं लागतं." हे मात्र मले पटलं. काळं म्हणजे पाणी, नाही तर राख. जे काय असेल ते जाऊन पाहायचं.

दुपारून वाटखेडीले पोचलो. बाभुळगावच्या अलीकडे फाटा फुटतो, तिथं. चित्रात ती जागा नुसती लाल होती, तरी सलीलले काही शंका आली, कारण तिच्या एका बाजूले रेघ मारल्यासारखी सरळ कड होती. तिथंच जीप गरम होऊन फुसफुसायले लागली. गुलामभाई अन् मी डबा घेऊन गावात पाणी आणायले गेलो, अन् सलील एकटा पुढे गेला. आम्ही परत आलो तवा तो एका म्हाताऱ्या बाईशी बोलून यंत्रात टिकटिक करून नोंद घेत होता. बाईनं मले पाहून हाक मारली, "या वो बाई, काकडी खा."

ती मानीबाई. जातीनं भोई. ती उभी होती ती जागा म्हणजे तळ्याचं पोट होतं. पाणी आटलेलं, गाळाले भेगा, अन् त्या गाळात काकड्यांचे, टरबुजांचे वेल. मानीबाईची सून विजयमाला वेलाले हातानं पाणी घालून राह्यली होती. सरळ कड होती ती तळ्याची पाळ, मातीचा बांध.

"पावसात भरते का हे?" मी विचारलं.

"भरते तं! कानठ्यापर्यंत, काठोकाठ. तवा आमी शिंगाडा लावतो. दिवायी झाल्यावर या, शिंगाडे देतो तुमाले."

मी काकडी खाल्ली अन् आम्ही निघालो. सलीलनं नोंद घेतली होती, म्हणून मी काही विचारलं नाही.

भादव्यात पुण्याहून कच्चा नकाशा आला, नावं तपासायले. तळी निळी, वावरं पिवळी, गायरानं तपकिरी. वाटखेडीवर बोट ठेवलं तर तळ्याच्या जागी तपकिरी ठिपका. खाली लिहिलं होतं, गायरान.

म्हटलं, दुसरी जागा असेल. गायरान म्हणजे गावाची गुरं चारायची जागा, ती तर गावोगावी असते. पण पाळीची ती सरळ कड! मी सातबारा मागवून पाह्यला. अजी, तिथंही गायरान! आता मात्र माझं डोकं चक्रावलं. मी स्वतः त्या गाळात उभी राहून काकडी खाल्ली होती. का ऊन लागलं होतं मले?

त्याच आठवड्यात साहेब खुशीत आले. "बाभुळगावच्या बाजूचं यार्ड मंजूर होऊन राह्यलं, शीलाबाई. जागा सापडली. वाटखेडीचं गायरान. सपाट, रिकामं, रस्त्याले लागून."

"साहेब, तिथं तळं आहे."

"सातबाऱ्यात गायरान आहे. उपग्रहाच्या नकाशात गायरान आहे. तुमचं तळं कुठं आहे मंग?"

संध्याकाळी मी गुलामभाईंच्या गॅरेजवर गेली. त्यांनी हात पुसत पुसत सारं सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात कामं निघाली तवा गावानं गायरानातच पाळ बांधली. त्यांच्या अब्बानंही तिथं माती वाह्यली होती. तळं झालं, पण कागदावर कोणी चढवलंच नाही. कागदात अजून गुरंच चरून राह्यली.

"ठीक आहे, कागद जुना आहे," मी म्हटलं. "पण सलीलनं तर डोळ्यानं पाह्यलं ना! त्यानं काहून गायरान लिहिलं?"

त्यांच्याच गॅरेजमधून मी पुण्याले फोन लावला.

"मॅडम, मी माझ्या मनानं नाही लिहिलं," सलील म्हणाला. "त्या आजींना मी विचारलं, इथं काय करता? त्या म्हणाल्या, गायपेर. दोनदा विचारलं. गाय म्हणाल्या, अगदी स्पष्ट. मला वाटलं, गायरानालाच इकडे तसं म्हणत असतील."

मी कपाळावर हात मारला.

"अरे बावा! इकडे ळ चा य होते. काळा म्हणजे काया, डोळा म्हणजे डोया. अन् गाळ म्हणजे गाय! गाळपेर म्हणाली ती, गाळपेर! तळ्याचं पाणी उतरलं की उघड्या गाळात पेरतात, ते!"

मग तो हळू म्हणाला, "म्हणजे गाय नव्हतीच?"

"शेपूटही नव्हतं!"

पोरगा प्रामाणिक. त्यानं चूक झाली म्हणून वर लिहून दिलं. वरून उत्तर आलं, सातबारा गायरान म्हणते, तुमची पहिली नोंद गायरान म्हणते, अन् दोन्ही हंगामांच्या चित्रांत पाणी नाही. उन्हाळ्यात काकडीचे वेल लाल, हिवाळ्यात शिंगाड्याचे वेल लाल. पाणी असेल तर पाणी दाखवा. आता कार्तिकात आभाळ मोकळं झालं की नवं चित्र येईल, त्यानंतर नकाशा पक्का.

"त्या दिवशी पाणी उघडं दिसलं पाहिजे, मॅडम," सलील म्हणाला. "अर्धं तळं मोकळं असलं तरी दिसेल बहुतेक. पण नक्की सांगता येत नाही." दिवस अन् वेळ मात्र त्यानं नक्की सांगितली.

हा निरोप घेऊन मी वाटखेडीले गेली. सोबत ते लाल चित्रही घेतलं, कारण मलेच धड समजलं नव्हतं ते मी दुसऱ्याले तोंडी काय समजावणार! जीपमध्ये गुलामभाई नुसता रस्ता पाहत होते. मग म्हणाले, "बाई, यार्ड तर मले पायजे. मागच्या साली रांगेत माझा एक बैल बसला तो उठलाच नाही. पण अब्बानं खोदलेल्या तालाबात पायजे का? मले काही सुचून नाही राह्यलं." मलेही सुचत नव्हतं.

पाळीवर चढली अन् मी थक्कच झाली. तळं काठोकाठ भरलं होतं, पण पाणी कुठं दिसलं तर शपथ. या काठापासून त्या काठापर्यंत शिंगाड्याची पानं, एकाले एक चिकटून. नवखा माणूस असता तर चालतच गेला असता. मानीबाई टायरच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून पानं उलटून पाहत होती. काठावर आली.

मी चित्र उघडलं, सांगितलं. लाल म्हणजे हिरवं. काळं म्हणजे पाणी, नाही तर राख. अन् हे लाल आहे ते तुमचं तळं.

"वरून कोन पाह्यते?" तिनं विचारलं.

"यंत्र आहे एक."

"त्याले माहा शिंगाडा दिसते?"

"दिसते."

"मंग शिंगाडा का कोरड्या मुरमाटीवर येते? तयं हाय म्हनून तं शिंगाडा हाय!"

"मले समजते, मानीबाई. त्या पोरालेही समजते. वरचे म्हणतात, पाणीच दाखवा."

"म्हंजे उपटू?"

मी मान खाली घातली. फळ अजून दुधात होतं. विजयमालानं एक तोडून नखानं फोडलं, आतून पांढरं पाणी गळालं. अजून पंधरवडा तरी लागणार होता, अन् उपग्रह काही पंधरवडा थांबणार नव्हता. मानीबाईचं सारं घर त्या वेलांवर. उपटले तर वर्षाचं पीक गेलं. नाही उपटले तर तळंच गेलं, मुरूम टाकून बुजवतील अन् वर कापसाच्या गंज्या लावतील. मले एवढा राग आला होता, पण तो कोणावर काढावा तेच समजेना. सलीलवर? सातबाऱ्यावर? त्या आभाळातल्या पत्र्याच्या डब्यावर?

मानीबाईले मात्र राग काढायले मी समोरच होती. "काकडी खाल्ली ना वो बाई माह्या हातची? अन् हे घेऊन आली?" एवढं बोलून ती पुन्हा पाण्यात उतरली. मागे वळून पाह्यलं नाही तिनं. मी परत येईपर्यंत जीपमध्ये रडली, सांगायले लाज कसली.

उपग्रह येणार होता त्या दिवशी सकाळी मी रजा टाकली. साहेबांनी काहून म्हणून विचारलं, मी म्हटलं पोटात दुखते. वाटखेडीची पाळ आली तवा जीपमधून उतरायची हिंमत होईना. गुलामभाईच पुढे गेले. मग तिकडून त्यांनी ओरडून मले बोलावलं.

पाळीवर हिरव्या वेलांचे ढीग लागले होते. मानीबाई, विजयमाला अन् भोयांच्या साऱ्या बाया पाण्यात होत्या. कोणी ट्यूबवर, कोणी छातीएवढ्या पाण्यात, वेल मुळासकट ओढून काठाकडे ढकलत होत्या. काल सकाळपासून लागल्या होत्या म्हणे. मी म्हटलं, "मानीबाई, अर्धं केलं तरी चालते म्हणाला तो!"

"अर्ध्यानं त्याले नाई समजलं तं?" ती म्हणाली.

मी पदर खोचला अन् उतरली. शिंगाड्याचा काटा काय असतो ते त्या दिवशी समजलं, हातापायाची चाळणी झाली. गुलामभाईंनी पँट वर केली अन् काठावरून वेल ओढायले लागले. ऊन वर चढलं तोपर्यंत तळं मोकळं झालं. सलीलनं सांगितलेली वेळ झाली. आम्ही सारे चिखलात उभे राहून वर पाहत होतो. निळं आभाळ, एक घार तेवढी फिरत होती.

"आला का?" विजयमालानं विचारलं.

कोणाले काय माहीत! आला असेल, गेला असेल. आवाज नाही, धूर नाही. मानीबाई हात जोडून उभी होती. मले हसावं का रडावं समजेना. मग एक बाई म्हणाली, चला, चहा टाकते, अन् आम्ही पाण्याबाहेर आलो.

पुसाच्या महिन्यात नवं चित्र आलं. सलीलनं फोनवर ओरडूनच सांगितलं, "मॅडम, दिसतंय! काळं कुळकुळीत!" पक्क्या नकाशात वाटखेडीचं तळं निळं झालं. यार्ड तिथून हललं अन् कुठल्या कुठं गेलं, गुलामभाईंच्या बंडीले आता आधीपेक्षाही लांबची रांग. ते मले त्यावर एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मी ते चित्र घेऊन मानीबाईकडे गेली. आनंदाची बातमी होती ना! तिनं ते हातात घेतलं अन् किती वेळ पाहत बसली.

"हे तं जयालं," ती म्हणाली.

"नाही वो मानीबाई, हे पाणी आहे. तुमचं तळं."

"अन् मांगं लाल होतं ते?"

"ते तुमचे शिंगाडे होते."

चित्राची घडी करून तिनं विजयमालाकडे दिली. मी उठायले लागली तवा तिनं माझा हात धरला. "आता पुढं लावला शिंगाडा, तं पुन्हा गायरान होईन का वो?"

मी पुण्याले फोन करून विचारलं. सलील म्हणाला, पुढचा नकाशा कधी होईल ते माहीत नाही, झालाच तर कुठल्या महिन्याचं चित्र घेतील तेही माहीत नाही. मी त्याच्यावर चिडली, पण त्याचा तरी काय दोष. मी मानीबाईले निरोप दिला, लावा म्हणून. बिनधास्त लावा.

पुढच्या पावसाळ्यात मी तिकडे गेली. आभाळ गच्च भरलं होतं. पाळीवरून पाह्यलं तर अर्ध्या तळ्यात शिंगाड्याची कोवळी पानं पसरली होती अन् अर्धं तळं उघडं. मधात बांबू रोवून दोरी बांधली होती, वेल पलीकडे जाऊ नये म्हणून.

"हे अर्धं कोणाले सोडलं?" मी विचारलं.

मानीबाईनं वर बोट केलं. "त्याले. त्याले पाहाले." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "एवढं पुरन ना वो बाई त्याले?"

मी हो म्हटलं. खरं सांगते, मले माहीत नव्हतं.